‘प्रेक्षकांनाच तसे हवे होते’: ही पळवाट आता पुरे

रसिक_मुलुंड: हॉलिवूडच्या आरंभीच्या संगीतपटांत कृष्णवर्णीय कलावंत कोपऱ्यात का दिसतात, यावर काल ‘जुना_पडदा’ यांनी लिहिले, की दोष काळाचा आहे, स्टुडिओंचा नव्हे, प्रेक्षकांनाच तसे हवे होते. हे वाचून गप्प बसवेना. कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न यांच्याशी एमजीएम या बड्या स्टुडिओने १९४२ मध्ये करार केला आणि पुढे बहुतेक चित्रपटांत त्यांना एखाद-दुसरे गाणे म्हणण्यापुरतेच पडद्यावर आणले. त्या गाण्याचा कथानकाशी काहीही संबंध नसे, जेणेकरून अमेरिकेच्या दक्षिणेतील वर्णभेदी राज्यांत ते कापून टाकले तरी कथा अखंड राहावी. कात्री चालणार हे गृहीत धरूनच चित्रीकरण करायचे, आणि दोष मात्र काळाला द्यायचा?

जुना_पडदा: आपण सोयीचे तेवढेच वेचले आहे. १९२९ मध्ये याच एमजीएमने ‘हलेलुया’ हा सर्व कृष्णवर्णीय कलावंतांचा बोलपट काढला आणि त्यासाठी दिग्दर्शक किंग व्हिडॉर यांनी आपले मानधन पणाला लावले. १९४३ मध्ये ‘केबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’ हेही तसेच चित्रपट आले. स्टुडिओ म्हणजे धर्मादाय संस्था नव्हती.

रसिक_मुलुंड: दिग्दर्शकाला स्वतःचे मानधन पणाला लावावे लागले, हा पुरावा माझ्या बाजूचा आहे, आपल्या नव्हे.

टॅपची_आई: या गदारोळात गोरे नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, याची मला चीड आहे. ‘स्विंग टाइम’मध्ये (१९३६) त्यांनी चेहऱ्याला काळा रंग फासला हे खरे, परंतु तो नाच कृष्णवर्णीय टॅप-नर्तक बिल रॉबिन्सन यांना वाहिलेली आदरांजली होती. माझी मुलगी न्यू जर्सीत टॅप, म्हणजे बुटांच्या तालावरचा नाच, शिकते. तिचे गुरू स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि तो नाच ते वर्गात आवर्जून दाखवतात.

रसिक_मुलुंड: नाव रॉबिन्सन यांचे, पदन्यास पुष्कळसा जॉन बबल्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय नर्तकाच्या वळणाचा आणि चेहरा रंगवलेल्या अस्टेअर यांचा! एवढा आदर होता, तर त्या दोघांपैकी एकाला शेजारी उभे करायचे होते.

टॅपची_आई: म्हणजे ज्यांचा वारसा आहे त्या गुरूंपेक्षा मुलुंडला बसून आपल्याला अधिक कळते! ते तो नाच पदन्यासासाठी दाखवतात, रंगाबद्दल मुलांशी स्वतंत्रपणे बोलतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात. आपल्याला ते जमत नसेल तर नाइलाज आहे.

जुना_पडदा: अस्टेअर यांच्याबाबत मी या बाईंच्याच बाजूने आहे. शिवाय १९३५ मध्येच रॉबिन्सन गोऱ्या बालतारका शर्ली टेंपलबरोबर जिन्यावर नाचले होते, हे विसरू नये.

रसिक_मुलुंड: नाचले, पण नोकराच्या वेशात आणि एका लहान मुलीबरोबर! प्रौढ गोऱ्या नायिकेबरोबर नाचले असते का? गोऱ्या-काळ्यांच्या प्रेमसंबंधांवर निर्मिती संहितेने, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याच्या हॉलिवूडच्या नियमावलीने, लेखी बंदी घातली होती. ‘शो बोट’ या संगीतिकेतील ज्युली ही मिश्रवंशीय स्त्रीची भूमिका लीना हॉर्न यांनी १९४६ च्या एका चित्रपटातील छोट्या प्रवेशात गाऊन दाखवली, १९५१ मध्ये एमजीएमच्या ‘शो बोट’ चित्रपटात ती भूमिका मात्र गोऱ्या एव्हा गार्डनर यांना मिळाली, आणि पडद्यावर त्यांच्या गाण्यांना आवाज दुसऱ्याच गायिकेचा होता. हेसुद्धा प्रेक्षकांनीच मागितले होते काय?

जुना_पडदा: ‘शो बोट’चे मान्य, आपला जीव शांत होणार असेल तर. पण संहिता साऱ्या चित्रसृष्टीला लागू होती, एकट्या एमजीएमला नव्हे.

रसिक_मुलुंड: ती संहिता स्टुडिओंच्याच संघटनेने स्वीकारली होती, महाराज.