म्हाताऱ्या यीस्टपेशीतल्या गुठळ्या: पेशी ‘राखून ठेवते’ की त्या ‘मागे राहतात’?

प्रश्न: यीस्टच्या वार्धक्यावर मराठीत लिहिते आहे. बिघडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि मुकुल (पेशीला फुटणारा कोंब, म्हणजे होऊ घातलेली लेक-पेशी) सुटा होताना ती बहुतांशी मातृपेशीतच उरतात. ‘प्रोटीन ॲग्रिगेट’ला मी ‘प्रथिन-समुच्चय’ म्हटलंय आणि ‘रिटेन’ला ‘राखून ठेवणे’. योग्य वाटतं का?

– ‘समुच्चय’ नको. काही बिघडलंय हे त्यातून कळतच नाही. रक्त साकळतं तशी ‘साकळलेली प्रथिनं’ म्हणा.

– ‘साकळणे’ शब्द सुंदर आहे, पण साकळलेलं पुन्हा मोकळं होईल असं त्यातून वाटत नाही. यीस्टमध्ये एचएसपी१०४ नावाचं प्रथिन या गोळ्यांतून एकेक रेणू ओढून काढतं, आणि सुटलेला रेणू नीट घडी पडून पुन्हा कामाला लागू शकतो. म्हणून ‘गुठळी’. पिठल्यातली गुठळी मोडतो तशी हीही मोडते. क्रियापद आयतंच मिळालं.

– गुठळीला माझंही मत. खरी अडचण ‘राखून ठेवते’ची आहे. राखण्यात हेतू आला, काळजी आली. मग वाचक लगेच आईच्या त्यागाची गोष्ट रचतो. आणि नेमका इथेच संशोधकांचा वाद आहे. स्वीडनमध्ये थॉमस न्यूस्ट्रॉम यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की ऑक्सिडीकरणाने खराब झालेली प्रथिनं मातृपेशीत अधिक उरतात आणि सर२ हे जनुक काढलं की हा भेद राहत नाही. २०१० मध्ये त्याच गटाने मांडलं की मुकुलात गेलेल्या गुठळ्या ॲक्टिन या प्रथिनाच्या, पेशीच्या आतल्या तंतूंवरून परत आईकडे ढकलल्या जातात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत राँग ली यांच्या गटाचं म्हणणं आलं की गुठळ्या दिशाहीन, सावकाश हलतात. मुकुलाची मान अरुंद, वेळ थोडा, त्यामुळे पलीकडे पोचतात त्या मोजक्याच. पहिल्या मताला ‘परत धाडणे’ शोभतं, दुसऱ्याला ‘मागे राहणे’. ली यांच्याच गटाने २०१४ मध्ये गुठळ्या मायटोकाँड्रियाला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना) बांधलेल्या असतात असं दाखवलं. तिथे ‘अडकून राहणे’ चपखल बसतं. सर्वसाधारण वाक्यात ‘मातृपेशीतच राहतात’ एवढंच लिहा. यंत्रणा सांगायची असेल तेव्हा त्या-त्या प्रयोगाचं क्रियापद वापरा.

प्रश्न: पटलं. पण मग ‘मातृपेशी’तही तीच भावना येत नाही का? शाळेच्या पुस्तकातलं ‘जनक पेशी’ घेऊ?

– मातृपेशीच ठेवा. अमिबा दुभंगल्यावर थोरला-धाकटा ओळखता येत नाही. इथे आई ठळक ओळखू येते: प्रत्येक मुकुल सुटल्यावर तिच्या पेशीभित्तिकेवर कायटिन या चिवट पदार्थाचा व्रण राहतो, आणि व्रण मोजले की तिला किती लेकी झाल्या ते कळतं. फक्त ‘लेक नेहमी कोरी जन्मते’ असं लिहू नका. फार म्हाताऱ्या मातृपेशीच्या लेकींचं आयुष्य कमी भरतं.