वाडे, हवेल्या, राजवाडे यांच्या हॉटेलांत राहताना : अनुभव धागा

ओसरी
दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की हल्ली घरोघरी हवेल्या, राजवाडे, गढ्या आणि गोव्यातली जुनी घरं यांची नावं निघतात. फोटो सगळीकडचे सारखेच देखणे आणि खोलीचा दर मात्र छातीत धस्स व्हावं असा. म्हणून हा धागा. तिथे राहिलेल्यांनी, काम करणाऱ्यांनी आणि अशा वास्तूंची डागडुजी करणाऱ्यांनी लिहावं. 'राजेशाही थाट' वगैरे विशेषणं आणि प्रवासवर्णनं नकोत. खोली कशी निवडायची, काय विचारायचं, काय बिघडतं आणि का, एवढंच सांगा.

चुनखडी
सगळ्यात आधी वास्तूचं वय बघा. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत १९५० पूर्वीच्या वास्तूलाच हेरिटेज हॉटेल म्हणतात, पण तेवढ्यावरून काहीच कळत नाही. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला. वास्तुविशारद होते हेन्री लँचेस्टर. त्या काळात वीज आणि नळाचं पाणी गृहीत धरूनच नकाशे काढले जात. उलट नीमराणाच्या किल्ल्याची सुरुवात १४६४ची, हॉटेल १९९१ पासूनचं, आणि बांधकाम डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यानं चढत गेलेलं. असल्या जुन्या वास्तूत न्हाणीघर नंतर बसवतात, कधी कोठारात, कधी जिन्याखाली. म्हणून दोन खोल्या एकसारख्या निघत नाहीत. यात काहींना गंमत वाटते, काहींना मनस्ताप.

दुसरी गोष्ट हवेची. दगडी भिंत दोन-तीन फूट जाडीची असते. ती सावकाश तापते आणि सावकाशच निवते. मे महिन्यात दुपारी खोली सुखद वाटते, पण रात्री भिंत आतल्या बाजूला उष्णता सोडते. डिसेंबरात राजस्थानात बाहेर ऊन असूनही आत हुडहुडी भरते. शिवाय खोलीचं घनफळ बघा. वीस बाय पंधराची खोली आणि पंधरा फूट उंची म्हणजे ४,५०० घनफूट. आपल्या फ्लॅटमधली बारा बाय दहाची, साडेनऊ फूट उंचीची खोली जेमतेम १,१४० भरते. तेव्हा एकच दीड टनाचा एसी असेल तर तो रात्रभर घरघरतो आणि खोली काही गार होत नाही. थंडीत जाणार असाल तर खोलीत हीटर आहे की मागावा लागतो, मागितल्यावर पैसे पडतात का, हे आधीच विचारा.

आता ओल. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. तिच्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केला किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, लोणा लागतो आणि पोपडे पडतात. खोलीत शिरताच रूम फ्रेशनरचा भपका आला तर सामान उघडू नका. पलंगामागची भिंत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून बघा. तळव्यापेक्षा तिथे गारवा चटकन कळतो. भिंत गार आणि चिकट लागली, रंगाला फुगवटे दिसले, तर लगेच खोली बदलून मागा. रात्री अकराला मागून उपयोग नसतो. तळमजल्यावर ओल सर्वांत जास्त, त्यामुळे पावसाळ्यात पहिला मजला बरा.

फ्रंटडेस्क
या धंद्यात आहे म्हणून सांगतो, हॉटेल बुक करू नका, खोली बुक करा. 'रॉयल', 'हेरिटेज', 'ग्रँड' हे शब्द ज्याला जसे सुचतील तसे लावलेले असतात. एका हॉटेलातली 'डिलक्स' दुसऱ्याच्या 'सूट'पेक्षा मोठी निघते. मेल करून विचारायचं ते असं : खोली मूळ वास्तूत आहे की मागे नवीन बांधलेल्या भागात? (बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त खोल्या नवीन भागात असतात आणि जाहिरातीतला फोटो मात्र जुन्या चौकाचा असतो.) खिडकी बाहेर उघडते की चौकात? स्वयंपाकघर, जनरेटर किंवा बँड वाजतो ती हिरवळ यांतलं काय जवळ आहे? त्याच खोलीचे, नंबरासकट, फोटो पाठवाल का? चांगलं हॉटेल पाठवतं. 'सगळ्या खोल्या उत्तमच आहेत, सर' असं उत्तर आलं की समजून जा.

आणि लग्नं. कार्तिकी एकादशी झाली की राजस्थानात मुहूर्त सुरू होतात. तीस-चाळीस खोल्यांच्या वाड्यातल्या पंचवीस एका लग्नाला गेल्या की उरलेले पाहुणे बिनबुलाये वऱ्हाडी होतात. पोहण्याचा तलाव बंद, गच्चीवरचं जेवण बंद, नाश्त्याला रांग. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी आहे, पण सकाळी सहाला सनई सुरू व्हायला कायद्याची आडकाठी नाही. 'आमच्या तारखांना समारंभ आहे का, आणि त्यासाठी कोणता भाग बंद राहील?' हे लेखी विचारा. लेखी उत्तर हाताशी असलं की पुढे दर कमी करून घ्यायला किंवा रद्द करायला जोर येतो.

शेवंती
सत्तरीच्या पुढच्या माणसांना घेऊन जायचं असेल तर तळमजला मागायचा ना? वर चुनखडी नको म्हणतायत.

उंबरठा
गुडघे आणि ओल यांत गुडघ्यांना मान द्या. :) तळमजलाच मागा, फक्त चौकाच्या बाजूची, ऊन येणारी खोली मागा.

जिना : आजच्या घरात पायरी सहा-सात इंच उंच असते. जुन्या वास्तूत नऊ-दहा सहज, वर पायऱ्या एकसारख्याही नसतात. चढणं जमतं, उतरताना तोल जातो. 'लिफ्ट आहे का?' एवढं विचारून भागत नाही. लिफ्टपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, जेवणघरापर्यंत किती, हे आकड्यात मागा. नीमराणासारख्या चढत्या किल्ल्यात खोलीतून जेवायला जाणं हाच व्यायाम.

दार : साडेपाच फुटांचं दार आणि खाली अर्ध्या फुटाचा उंबरा, अशी जोडी नेहमीची. कपाळ वाचवायला वाकलं की पाय अडखळतो. रात्री न्हाणीघरात जायच्या वाटेवर एखादा मंद दिवा चालू ठेवा.

पलंग : चार खांबांचे जुने पलंग गादीसकट तीन फूट भरतात, चढायला छोटा स्टूल ठेवतात. उतरताना अंधारात तोच स्टूल सरकतो. साधा पलंग मागितला तर बहुतेक देतात.

टब : पायांवर उभा असलेला ओतीव लोखंडाचा टब फोटोत सुंदर दिसतो. त्याची कड दोन फूट उंच आणि धरायला दांडी नसते. वेगळा शॉवर असलेली खोलीच घ्या.

लहान मुलं असतील तर झरोके आणि गच्च्या आधी नीट बघा. झरोक्याची बैठक दीड-दोन फुटांवर असते, कारण तिथे गादीवर बसून खाली बघायची पद्धत होती. उभ्या मुलाच्या ती गुडघ्या-मांडीशी येते. गच्चीचा कठडाही बरेचदा आजच्या मापापेक्षा बुटका असतो.

पाणचक्की
गरम पाण्याचं गणित सांगतो, कारण तक्रारवहीत निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. मध्यवर्ती बॉयलर मागच्या अंगणात आणि खोली साठ मीटर दूर. एक इंची नळात साठ मीटरला सुमारे तीस लिटर पाणी मावतं. शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर सोडतो, म्हणजे गार पाणी संपायला साडेतीन मिनिटं लागतात. लोक दोन मिनिटांत कंटाळून खाली फोन करतात. परतीची नळी घालून पाणी फिरतं ठेवलं तर हा त्रास उरत नाही, पण त्यासाठी जुनी भिंत फोडावी लागते आणि तिथेच काम अडतं. उपाय सोपा आहे. बादली लावून नळ सोडा आणि तोवर दात घासा. खोलीत स्वतंत्र गीझर असेल तर पाणी लगेच येतं, पण पंधरा लिटरचा गीझर असला तर टब भरायचा विचार सोडून द्या, कारण टबाला दीडशे लिटर लागतात.

सॉकेटही आधी बघा. पलंगाजवळ एकच असतो, तोही दिव्यानं अडवलेला. झोपताना श्वासाचं यंत्र लावणाऱ्यांनी एक्स्टेन्शन बोर्ड जवळ ठेवावा आणि वीज गेली तर जनरेटर खोलीतल्या सॉकेटला पुरवठा करतो की फक्त दिवे-पंख्यांना, हे विचारावं. मोबाइलची रेंज जाड भिंतीत मरते. वाय-फाय चौकात उत्तम आणि पलंगावर शून्य, हे नेहमीचंच. ऑनलाइन मीटिंग असेल तर राउटर खोलीत आहे का विचारा, नाहीतर पायरीवर बसून मीटिंग करावी लागते.

मांडवीकाठ
गोव्यातल्या घरांचं थोडं वेगळं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे बाल्कांव (बसायला बाकं असलेली पडवी), खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. त्या शिंपल्यांतून येणारा उजेड दुधाळ असतो, दिवसासुद्धा वाचायला दिवा लावावा लागतो. खिडकी जोरात आपटू नका, चकती लाकडी पट्टीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते आणि निघाली तर बदली मिळणं अवघड.

कौलाखाली लाकडी तक्तपोशी आहे की कौलं उघडीच आहेत, हे विचारून घ्या. उघडी कौलं दिसायला झकास, पण वरून धूळ, पाली, पावसात तुषार, आणि एसीची गार हवा फटींतून पळते. शिवाय अशा घरांत मधल्या भिंती बरेचदा छतापर्यंत जात नाहीत. शेजारच्या खोलीतलं घोरणं तुमचंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर उतरतात, हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण लाकडी दारं फुगतात आणि कड्या लागत नाहीत. मुंबईकरांनी चार दिवस चामड्याच्या चपला कपाटात ठेवू नयेत. बुरशी येते.

तेरेखोलचा किल्ला मूळ सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. तिथल्या हॉटेलच्या खोल्या मोजून सात होत्या, वारांची नावं दिलेल्या. इतक्या कमी खोल्या असल्या की शनिवार-रविवारचा हिशेब सोडा आणि आठवड्याच्या मध्ये जा. हा नियम सगळ्याच लहान घरांना लागू.

हिशेबनीस
बिलाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के, तोही पूर्ण रकमेवर. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दर सीमेच्या आसपास असेल तर दोनशे रुपये कमी करून मागा, तुमचे बाराशे वाचतात. कर प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर लागतो, छापील दरावर नाही.

जेवणाचंही बघा. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादी खोली ७,५०० च्या वर गेली, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही १८ टक्के लागतात. राजवाड्यांत हे बहुतेक ठिकाणी असणारच. गाव दूर असेल तर दोन्ही वेळचं जेवण तिथेच होतं आणि चौघांचा जेवणखर्च खोलीच्या भाड्याला गाठतो. अशा जागी नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेला दर घ्या, शहरातल्या हवेलीत मात्र फक्त नाश्ता पुरे. सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या सूचना आहेत. ते काढून मागायला लाजू नका.

रेवाकाठ
मराठी धागा आहे म्हणून दोन ठिकाणं. महेश्वरच्या किल्ल्यातलं अहिल्या फोर्ट हे अहिल्याबाई होळकरांच्या राजवाड्याच्या आवारातलं हॉटेल. होळकर कुटुंबातल्या रिचर्ड होळकरांनी ते सुरू केलं. जवळचा विमानतळ इंदूर, तिथून रस्त्यानं साधारण नव्वद किलोमीटर. घाटाकडची खोली घेतली तर पहाटेपासून घंटा, धुणी आणि भजनं ऐकू येतात. ज्यांना उशिरापर्यंत झोपायचंय त्यांनी आतली बाजू मागावी.

दुसरं बनारसचं ब्रिजरामा. ही वास्तू १८१२ ची, बांधणारे नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या राजानं घेतली म्हणून घाट दरभंगा, पण शेजारच्या घाटाला मुन्शींचंच नाव आहे. घाटावर गाडी येत नाही. नावेनं उतरायचं किंवा गल्लीतून चालायचं. मोठ्या चाकांच्या सुटकेसा गल्लीत पांगळ्या होतात, दोन हातपिशव्या बऱ्या. जुलै ते सप्टेंबर गंगेला पाणी चढलं की नावा बंद होतात आणि घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. बुकिंग करताना 'नाव बंद असेल तर कुठून आणि कसं नेणार?' हे विचारा.

टेम्सकर
इंग्लंडमधल्या जुन्या जहागिरी घरांत येणाऱ्यांसाठी एवढंच : संरक्षित वास्तूत साध्या खिडकीच्या काचा बदलायच्या तरी परवानगी लागते. त्यामुळे दुहेरी काच नाही, एसी तर नाहीच. जुलैतल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची, छपराखालची खोली टाळा, ती नोकरांसाठी बांधलेली असते. काही ठिकाणी रात्रीच्या जेवणाला पोशाखाचा नियम असतो. स्पेनमध्ये सरकारी मालकीच्या पाराडोर हॉटेलांचे दर मात्र मुंबईच्या मानानं सोसवणारे आहेत. सांतियागोचं पाराडोर म्हणजे १४९९ मध्ये यात्रेकरूंसाठी स्थापन झालेलं रुग्णालय. तिथे रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळेल ही आशा धरू नका. मधुमेही मंडळींनी खायला काही जवळ ठेवावं.

ओसरी
पुण्या-मुंबईहून दोन दिवसांत होईल असं काही?

उंबरठा
जाधवगड. सासवडच्या बाजूला, पिलाजी जाधवरावांची १७१०ची गढी. आत 'आई' नावाचं जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्याला दीड तास ठेवा, भांडी आणि लाकूडकाम नीट बघण्यासारखं आहे. पायऱ्यांचं वर लिहिलंय ते गढीला लागू, म्हणून ज्येष्ठांसाठी कमी चढाची खोली आधीच ठरवून घ्या. आणि जूनच्या शेवटी किंवा जुलैत जाणार असाल तर माउलींच्या पालखीची तारीख बघूनच बुकिंग करा. पुण्याहून पालखी निघते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो. बोपदेव घाटानं जायचं आणि पोलिसांनी तोही वळवला असेल तर तास-दीड तास जास्त धरायचा.