आजीची अर्धवट गोधडी: मधला तुकडा कसा पुरा करू?

गोदाकाठची
माझी आजी डावरी होती, हे आधीच सांगते, कारण घोळ तिथेच आहे.

पंचवटीतल्या जुन्या घरातली ट्रंक परवा उघडली, तर डांबरगोळ्यांच्या वासात तिची शेवटची गोधडी निघाली. वर तिचं विटकरी लुगडं, खाली आजोबांची धोतरं, आत काय काय कोंबलंय देव जाणे. कडेपासून फेरे घालत ती आत आलेली. मधे हातभर लांब, वीतभर रुंद एवढंच राहिलंय. सुई तिथेच टोचलेली, गंजलेली. कापडावर तिचा तपकिरी डाग.

शिवायला बसले. आजी डावीकडून उजवीकडे जायची, माझा हात उलटा. तिचा टाका तांदळाएवढा, माझा चवळीच्या दाण्याएवढा. (लहानपणी मी फक्त सुईत दोरा ओवून द्यायचे, पण गोधडी आम्ही दोघींनी शिवली म्हणून गल्लीभर सांगायचे.) त्यात मधे चिंध्यांचा गोळा झालाय. काकू म्हणते, मशीनवर चार टिपा मार. आत्या म्हणते, मधे माझ्या जुन्या पैठणीचा पदर लाव, उठून दिसेल. काय करू?

सातपूरची मावशी
मशीन नको गं. एवढे थर दाबाखाली सरकतात, खालचं कापड पुढे जातं नि वरचं मागे राहतं, चुण्याच चुण्या. लुगड्याला मधे जोड असेल तिथले चार टाके उसव, बोटं घालून चिंध्या सपाट कर. मग गोधडी जमिनीवर ताणून पसर, कोपऱ्यांवर पाटा, डबे, काय असेल ते ठेव नि उभे-आडवे कच्चे टाके घाल. हे टाळलंस तर पुन्हा गोळा होणार. दोरा सुती घे, मेणावरून ओढून, म्हणजे गुंतत नाही. दिशेचं मनावर घेऊ नकोस, धावदोऱ्याला दिशा कुठे दिसते? दिसते ती टाक्याची लांबी.

येवल्याची सून
पदराला कात्री लावू नका, हात जोडते! हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. गोधडीत शिवला की एक बाजू कायमची गाडली गेली. शिवाय रेशीम नि सुती धुण्यात एकत्र नांदत नाहीत, आणि अंगाला जर टोचते ती वेगळीच.

निफाडकर
मशीनला इतकी नावं ठेवू नका. आमच्या आईच्या दोन थरांच्या पातळ गोधड्या मशीनवरच्याच आहेत, अजून धडधाकट. मात्र आमच्याकडची जानेवारीतली थंडी त्यांना आवरत नाही, हे कबूल. तेव्हा आजीचीच जाड वाकळ लागते.

गोदाकाठची
मावशी, जोड उसवला. आत माझ्या शाळेच्या फ्रॉकची निळी चौकडी निघाली, बाबांच्या लेंग्याचा पाय निघाला आणि सगळ्यात खाली आत्याचं लहानपणीचं खणाचं पोलकं, बटणांसकट. आजीने बटणं काढली कशी नाहीत कोण जाणे, बाकी एकेक बटण डब्यात जपून ठेवायची. आत्याला फोटो पाठवला. तासाभराने तिचा फोन आला, पदराचं अक्षरही काढलं नाही, पोलकं होतं तिथेच ठेव म्हणाली.

कच्चे टाके झाले, काल पहिला फेराही झाला. चवळीएवढाच आहे. डाग काढला नाही.