ऐरोलीत बाबांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून 31 हजार घेऊन गेले, आता काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईबाबा ऐरोलीत सिडकोच्या जुन्या रो हाउसमध्ये राहतात, दोघंही सत्तरीपुढचे, मी ठाण्यात घोडबंदरला. मे संपता संपता दुपारी दोन माणसं दारात आली, काका मागच्या गल्लीत काम चालूय आमचं, तिथून तुमच्या गच्चीचे तडे दिसले, पाऊस तोंडावर आलाय, केमिकल शिल्लक आहे, 380 रुपये लिटरने मारून देतो, चार-पाच लिटरमध्ये होईल. बाबांना वाटलं दोन हजारात होतंय तर होऊन जाऊदे. गुडघ्यांमुळे ते वर गेलेच नाहीत. दोन तासांनी खाली येऊन म्हणे 82 लिटर लागलं!

बाबा म्हणाले एवढं कसं लागेल, तर आवाज चढवला, माल ओतून झालाय आता परत कसा घेणार, आणि तोवर तिसरा एक जण गेटमधून आत आला. आई घाबरली. 20 हजार यूपीआयने, 11 हजार कपाटातले रोख. बिल नाही, दिलेला नंबर बंद. मागच्या गल्लीत घरोघर विचारलं, कुणाकडेच काम चालू नव्हतं.

पहिल्याच पावसात बेडरूमचं छत ओलं झालं. रविवारी वर जाऊन बघितलं तर तो पांढरा थर नखाने पापुद्र्यासारखा निघतोय आणि खाली मागच्या वर्षीचं वाळकं शेवाळ तसंच, म्हणजे झाडूसुद्धा मारला नव्हता. कोपऱ्यात 20 लिटरचा एकच रिकामा डबा. 82 लिटर म्हणजे चार डबे तरी हवेत ना?

आता तीन आठवडे झालेत, पोलीस तक्रार घेतील का? 1930 ही हेल्पलाइन तर ऑनलाईन फ्रॉडसाठी आहे, इथे माणूस समोर उभा राहून पैसे घेऊन गेला, मग तिथे फोन करायचा का? आणि भर पावसात गच्चीचं काय करू? बाबा तक्रार नकोच म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले त्या माणसाने, आता संध्याकाळी कट्ट्यावरही जात नाहीत, ते मला पैशांपेक्षा जास्त लागतंय.

प्रतिसाद (नेरूळहून):
दादा आधी समोरच्या घरांचं सीसीटीव्ही विचारा, रेकॉर्डिंग फार दिवस राहत नाही, आजच जा. तो डबा टाकू नका, थराचे फोटो काढा. यूपीआयचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) घेऊन पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, 20 हजार ज्या खात्यात गेले ते कुणाचं हे पोलिसांना बँकेकडून कळू शकतं. 1930 लाही कळवून ठेवा, बँकेलाही. गच्चीवर आत्ता काहीच मारू नका, ओल्यावर बहुतेक कोटिंग नीट धरत नाहीत, सध्या ताडपत्री टाका आणि पाण्याचे पाइप तुंबलेत का बघा. पाऊस गेला की थर खरवडून, आउटलेट बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवून बघा, कुठून झिरपतं ते कळेल. काम देताना चौरस फुटाचा रेट आणि एकूण रक्कम आधी कागदावर, लिटरवर कधीच नाही. आमच्या सासऱ्यांनाही गेल्या वर्षी असंच गाठलं होतं, काकांना सांगा.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. बाबांना पूर्ण वाचून दाखवलं, तुमच्या सासऱ्यांचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच पासबुक काढलं. उद्या सकाळी दोघं जातोय पोलीस स्टेशनला. समोरच्यांकडे कॅमेरा आहे, आत्ता निघतोय विचारायला.