रेडक्रॉसचं जुनं ऑफिस सुटतंय, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आमच्या जिल्ह्याच्या रेडक्रॉस शाखेला येत्या 8 मे रोजी 50 वर्षं होताहेत आणि त्याच दिवशी आम्ही स्वतःच्या इमारतीत जातोय. आजवर बाजारपेठेत एका वाड्याच्या माडीवर भाड्यानं होतो. खाली किराणा दुकान, वर दोन खोल्या, आणि जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. मी तिथे 22 वर्षं स्वयंसेविका आहे.

स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलंय. 8 मे हा रेडक्रॉसची सुरुवात करणाऱ्या हेन्री ड्युनांटचा जन्मदिवस, 1859 ला इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर त्यानं जखमींची सेवा केली, आपल्याकडे रेडक्रॉसचा कायदा 1920 चा, जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष, हे सगळं दोन पानांत होईल. उरलेली पानं मला तुमच्या हातची हवीत. शाखा कुठलीही चालेल.

निवृत्त परिचारिका, उमरगा

ताई, माझी आठवण 30 सप्टेंबर 1993 ची. आदल्या रात्री गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागात माळवदाची घरं, दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं ओझं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यात पाऊस लागला.

आठ-दहा दिवसांनी मी सास्तूरकडे तंबूत मलमपट्टीला होते. रेडक्रॉसचे कार्यकर्ते घरटी ब्लँकेट आणि भांडी देत होते. एक म्हातारी, हाताला फ्रॅक्चर, ब्लँकेट घेईना. पुन्हा पुन्हा एकच विचारी, "तवा हाय का?" खायला कमी नव्हतं, गावोगावहून पोळ्या-भाजीचे ट्रक येत होते. पण घरातली तीन माणसं गेल्यावर उरलेल्या नातवाला तिला स्वतःच्या हातची भाकरी घालायची होती. भांड्यांत पातेली, परात, पळी सगळं होतं, फक्त तवा नव्हता. दुसऱ्या दिवशी एका कार्यकर्त्यानं उमरग्याच्या बाजारातून लोखंडी तवा विकत आणला. तिनं तीन दगड मांडले, धडक्या हातानं पीठ मळलं, मी भाकरी थापली. पहिली भाकरी तिनं नातवाला दिली आणि दुसरी मला. मी 34 वर्षं नोकरी केली, पण अशी भाकरी पुन्हा खाल्ली नाही.

थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई, नाशिक

मुलगा 19 वर्षांचा आहे. सहा महिन्यांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. लोकांना वाटतं रक्त एकदा साठवलं की झालं. लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. म्हणून मे महिना आला की माझ्या पोटात गोळा येतो. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, लोक गावाला गेलेले, आणि याची तारीख तर ठरलेलीच.

एकदा परगावी लग्नात त्याची तारीख आली. तिथल्या एका खाजगी दवाखान्यानं पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर न लावता रक्त चढवलं. पोराला हुडहुडी भरून ताप आला, रात्रभर मी त्याचे पाय धरून बसले. आमच्या रेडक्रॉस रक्तपेढीतल्या ताई मात्र तारखेच्या दोन दिवस आधी स्वतः फोन करतात, "पिशवी बाजूला काढलीये, या." त्या फोनसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. तुमच्या उद्घाटनाला येणाऱ्यांना एवढंच सांगा, हारतुरे नकोत, त्या दिवशी 350 मिली रक्त द्या. हिमोग्लोबिन साडेबारा असलं की पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

सांगली

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. मी कॉलेजात होतो, मदत केंद्रावर कपड्यांचे ढीग निवडायला बसवलं होतं. फाटक्या पँटी, लग्नातल्या जरीच्या साड्या, लहान मुलांचे एकेक बूट. आणि शेकडो बायका रांगेत, त्यांना परकर हवे होते. अख्ख्या ढिगात परकर सापडला नाही. तेव्हापासून मी कुणालाही जुने कपडे द्या म्हणत नाही. नवी अंतर्वस्त्रं, पॅड, ताडपत्री, झाकणाची बादली द्या. आणि ताई, एक कळकळीचं सांगणं, गोदाम तळमजल्यावर ठेवू नका. आमच्या इथे मदतीचंच सामान पाण्यात गेलेलं मी पाहिलंय.

पेंटरचा मुलगा, मिरज

वडिलांनी एका डॉक्टरांच्या पाटीवर लाल क्रॉस काढला होता. रेडक्रॉसचे एक वयस्कर गृहस्थ घरी आले. चहा घेता घेता त्यांनी समजावलं की ही दवाखान्याची खूण नाही. युद्धात जिच्यावर गोळी झाडायची नाही ती ही खूण. 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन कायद्यानं ती इतर कुणाला वापरता येत नाही. वडिलांनी त्याच संध्याकाळी तो क्रॉस पांढऱ्या रंगानं पुसला, पैसे न घेता. पुढे कितीही पैसे मिळाले तरी काढला नाही.

सातारा जिल्हा

आजोबा दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडले गेले. कित्येक महिने पत्ता नाही. मग रेडक्रॉसमार्फत एक छापील कार्ड आलं, दोन ओळींचं, सुखरूप आहे एवढंच. आजीला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा तिनं पुसलेलं कुंकू पुन्हा लावलं. कार्ड अजून देव्हाऱ्यात आहे.

पुन्हा मी

सगळ्यांचं वाचलं. सांगलीकर दादा, काल नकाशा घेऊन बसलो. गोदाम तळमजल्यावरच दाखवलं होतं. आता सभागृह खाली आणि गोदाम वर घेतोय, रॅम्पला थोडा खर्च वाढेल, तो मी गोळा करते. 8 तारखेला हार घेणार नाही, निमंत्रण पत्रिकेत रक्तदानाची वेळ छापायला दिलीये.

उमरग्याच्या ताई, रात्री जुन्या माडीवर जाऊन आमचं भांड्यांचं एक खोकं उघडलं. पातेली होती, परात होती, पळी होती. साठ खोकी आहेत. सकाळी लोहारपेठेत साठ तवे सांगून आले.