जुनी ऑटोमॅटिक गाडी: 'गिअरबॉक्स गेला' म्हणण्याआधी काय काय तपासता?

ओव्हरड्राइव्ह
आज कुठेतरी वाचलं, 'डी टाकला की गाडी दोन सेकंद विचार करते, गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय'. जुनं सगळं वर आलं. दोष दर वेळी पेटीच्या (म्हणजे गिअरबॉक्सच्या) आतच असतो असं नाही, म्हणून हा धागा. अट एकच: 'आमच्या गाडीचं असं झालं नि तसं झालं' ही कहाणी नको. लक्षण, तपासणी, काय निघतं, एवढंच लिहा.

सुरुवात तेलापासून. सपाट जागा, गाडी वीसेक मिनिटं चाललेली, इंजिन चालू. ब्रेक दाबून लिव्हर पी (पार्किंग) पासून खालपर्यंत (आर = रिव्हर्स, एन = न्यूट्रल, डी = पुढे) प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबा आणि परत पी. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, काढा. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर कमी दिसते ती खरी. थंड तेलाची खूण वेगळी आणि गरम तेलाची वेगळी, त्यात गल्लत नको. गरमच्या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. लिटरचा डबा उघडला की रिकामा केलाच पाहिजे असं नाही.

पाना_१०
होंडाच्या जुन्या पेट्यांत उलटं. गाडी गरम करा, इंजिन बंद करा आणि मिनिट-दीड मिनिटात पातळी बघा. चालू इंजिनवर बघितलं तर कमी दिसते, माणूस वर ओततो आणि पेटी तुडुंब.

तेलकट हात
आणि तुडुंब हे कमीपेक्षा बरं असं समजू नका. फिरते भाग तेलात बुडून घुसळण करतात, फेस होतो. फेस म्हणजे हवा, ती दाबली जाते, म्हणून क्लचला (पेटीतल्या, तेलाच्या दाबाने पकडणाऱ्या प्लेटांना) दाब पोचत नाही. लक्षण अगदी कमी तेलासारखंच, गिअर घसरतो. पट्टीवर बुडबुडे दिसले तर आधी थोडं तेल बाहेर काढा.

सावकाश
दोन सेकंद विचार करते म्हणालात ना, त्याची रीतसर चाचणी आहे. गरम गाडी, हँडब्रेक, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) स्थिर. एन मधून डी टाका आणि हलका झटका जाणवेपर्यंतचा वेळ मोबाईलवर मोजा. तीन वेळा, मध्ये एकेक मिनिट सोडून, सरासरी. मग एन ते आर तसंच. टोयोटाच्या जुन्या पेट्यांसाठी डी ला 1.2 सेकंदाच्या आत आणि आर ला 1.5 च्या आत हा माप आहे, इतरांतही फार लांब नसतं.
दोन्हीत उशीर = मुख्य दाब कमी (तेल, फिल्टर, पंप). फक्त डी मध्ये उशीर = पुढच्या क्लचचं सील.

ओव्हरड्राइव्ह
@सावकाश हेच हवं होतं. त्यात एक भर, थंड-गरम नोंदवा. सकाळी पहिल्यांदा उशीर आणि गरम झाल्यावर ठीक असेल तर आतली रबरी सीलं कडक झालीत, उष्णतेने जरा मऊ होऊन बसतात. उलट थंड असताना छान आणि तासाभराने घसरायला लागली, तर झिजलेला पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडीतली (तेलाचा दाब वाटून देणारा भाग) गळती. गरम तेल पातळ, फटीतून निसटतं. हा एक प्रश्न विचारला तरी निम्मं कोडं सुटतं आणि तो कुणी विचारत नाही!!

मिनल_घाईत
रात्रभर उभी राहिली की फक्त पहिल्यांदाच उशीर होत असेल तर? कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद तेलातून पेटीला देणारा भाग) तेल खाली उतरलेलं असतं ना?

पाना_१०
हो ताई, तेही होतं. एकदा भरलं की दिवसभर ठीक. ओळखायची खूण: पुन्हा तासभर उभी केली तर त्रास होत नाही, रात्रभर केली तर होतो.

धक्काधक्की
'गिअर टाकताना दण्ण आवाज' = पेटी नव्हे, आधी इंजिन माउंटिंग बघा. बॉनेट उघडा, एक जण आत, ब्रेक घट्ट, डी-आर-डी. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, समोर नाही. इंजिन वीतभर उसळलं तर रबर तुटलंय. मग आयडल बघा, हजाराच्या वर गेलेला आयडल कुठल्याही चांगल्या पेटीला झटका देतो. पुढे जॉइंट आणि शाफ्टमधला खेळ.

एएमटीवाला
माझी एएमटी आहे, तिलाही हे सगळं लागू?

तेलकट हात
नाही हो. एएमटीत आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच असतो, फक्त तुमचा पाय आणि हात मशीन करतं. कन्व्हर्टर नाही, ऑटोमॅटिकचं लाल तेल (एटीएफ) नाही. तुम्ही शांत बसा 😄

एएमटीवाला
बसलो

स्टॉल
स्टॉल टेस्ट कुणी लिहिली नाही अजून. चाकांना अडसर, हँडब्रेक, डावा पाय ब्रेकवर पूर्ण, डी मध्ये ॲक्सिलरेटर तळाला. 5 सेकंदांच्या वर नाही. टॅकोमीटर वाचा, सोडा, एन मध्ये किमान मिनिटभर थंड होऊ द्या, मग आर. बऱ्याच गाड्यांत काटा मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांच्या दरम्यान अडकतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.
डी आणि आर दोन्हीत जास्त: दाब कमी. फक्त एकात जास्त: त्याचा क्लच घसरतोय. दोन्हीत कमी: इंजिनातच दम नाही, नाहीतर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (तेल वळवून उठताना जोर वाढवणारं चक्र) एकेरी क्लच घसरतोय. स्टेटर असेल तर उठताना गाडी मेल्यासारखी, वेग घेतल्यावर मात्र बरी.

धक्काधक्की
जुन्या, झिजलेल्या पेटीवर ही चाचणी करू नये असं माझं ठाम मत. सगळी ताकद तेलातच उष्णता होते. आधीच अर्धमेला क्लच तुम्ही चाचणी म्हणून मारता.

स्टॉल
म्हणून शेवटी करायची. आधी वेळ मोजा, तेल बघा, त्यातून उत्तर मिळालं तर स्टॉल नकोच.

खडखड
60-80 च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर, गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते? डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा, दिवा लागेल इतकाच. थरथर त्या क्षणी गायब = कन्व्हर्टरचं लॉकअप (वेगात इंजिन आणि पेटी थेट जोडणारा क्लच). कारण ब्रेक स्विच लागला की लॉकअप सुटतो. तरीही चालूच राहिली तर प्लग-कॉइलकडे वळा, मिसफायर आहे. लॉकअपची थरथर बऱ्याचदा तेल बदलून कमी होते, योग्य ग्रेडचं हवं.

मिनल_घाईत
ग्रेडवरून: टी-फोर च्या जागी डब्ल्यूएस चालेल का, दोन्ही टोयोटाचीच आहेत

पाना_१०
नाही. एकाच कंपनीचं म्हणून चालत नाही. मॅन्युअल किंवा डिपस्टिकवर लिहिलंय तेच घाला. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तर साधं एटीएफ चुकूनही नको.

मल्टिमीटर
सोलेनाइड, सोलेनॉइड, काय ते (पेटीतलं तेल विजेने सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह), फोन 'सोललेला नाही' करतोय 🤦

असो. स्कॅनर लावला आणि पी0700 आला तर तो आजार नव्हे, ती नुसती घंटा: 'गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे कोड आहे, तिकडे वाचा'. स्वस्त स्कॅनर तिथेच थांबतात. पी0715 = इनपुट वेग सेन्सर, पी0720 = आउटपुट वेग सेन्सर, पी0741 = लॉकअप नीट बसत नाही, पी0730 = गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. शेवटचा आला तर आत घसरण असू शकते, बाकीच्यांत आधी कपलर उघडून पिना बघा. वेग सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा काळा लेप बसतो, पुसा.

ओबीडी पोर्ट नसलेल्या जुन्या टोयोटात डायग्नोसिस डबीतले टीई1 आणि ई1 तारेने जोडा, इग्निशन ऑन, इंजिन बंद, ओडी (ओव्हरड्राइव्ह) बटण चालू स्थितीत. 'ओडी ऑफ' दिवा मिचकतो. सलग सारखा = ठीक. सहा मिचकावण्या, थांबा, दोन = 62, पहिला सोलेनॉइड. 63 दुसरा, 64 लॉकअप. मग मल्टिमीटर: त्या ऑन-ऑफ सोलेनॉइडचा रोध 11 ते 15 ओहम.

आणि पेटी एकाच गिअरात अडकली (बहुधा तिसऱ्यात) तर आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंगची पट्टी. कमी व्होल्टेजवर कंप्युटर उगाच घाबरतो.

सावकाश
'सोललेला नाही' 🤣🤣 हे पेटी उघडणाऱ्यांनी दारावर लिहावं

तेलकट हात
चेंबर (पेटीखालचं तेलाचं ताट) काढणार असाल तर त्यातल्या चुंबकाकडे बघा. राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप = चालतं, जुन्या पेटीत असणारच. टोचणारे चकचकीत तुकडे = बेअरिंग किंवा प्लॅनेटरी गिअर. पिवळसर धातूचे कण = बुश. तळाला काळी भुकटी आणि करपट वास = क्लच प्लेट जळल्या.
फिल्टर बदलताना जुनं सील आतच चिकटून राहतं, त्यावर नवीन बसवलं की पंप हवा ओढतो. काम करून आणल्यावर पेटी आणखी बिघडली असं ऐकलं की पहिला संशय तोच. बोल्ट हलक्या हाताने, आडवे-तिडवे आवळा. जोर लावला की चेंबरची कड वाकते आणि गळते.

धक्काधक्की
नवं तेल घातलं म्हणून जुनी पेटी मरते, यावर मत?

ओव्हरड्राइव्ह
मरत नाही, आधीच मेलेली असते. जळलेल्या प्लेटांना जुन्या तेलातली भुकटी थोडी पकड देत असते, ती गेली की घसरण उघडी पडते. म्हणून काळं, करपट तेल असेल तर यंत्राने दाबाने फ्लश नको. साधं ड्रेन करा, जेवढं निघालं तेवढं मोजून भरा. एका वेळी सगळं निघत नाहीच, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. काही दिवस चालवून पुन्हा.

पाना_१०
तेल गुलाबी-दुधाळ असेल तर मात्र काही दिवस नाही, गाडी चालूच करू नका. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळलंय. प्लेटवरचा थर चिकटवलेला असतो, कूलंटमधला ग्लायकॉल त्या गोंदाला सोडवतो.

केबल
केबलवाल्या पेट्या विसरू नका रे. थ्रॉटल केबल सैल म्हणजे दाब कमी, गिअर लवकर बदलतात, प्लेट जळतात. टोयोटात ॲक्सिलरेटर तळाला दाबल्यावर केबलच्या रबरी टोकापासून अडसर 0 ते 1 मिमी. कुणीतरी थ्रॉटल बॉडी साफ करताना केबल हलवतो आणि मग पेटीला दोष.
व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून पेटीचा दाब ठरवणारी डबी) असेल तर नळी ओढून बघा. आत लाल तेल = पडदा फाटला. इंजिन तेल पितं, पांढरा धूर काढतं, गिअर उशिरा आणि कडक.

स्टॉल
जीएमची 4एल60ई: दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले, पहिला-तिसरा चालतात = सन शेल (मधल्या सन गिअरला फिरवणारं पत्र्याचं कवच) तुटला. कुठले गिअर गेले ते आधी लिहून काढा, मॅन्युअलमधल्या क्लचच्या तक्त्याशी ताडा. सगळ्या गेलेल्या गिअरांत कॉमन काय, तेच उत्तर.

मिनल_घाईत
गाडी बंद पडली तर एन मध्ये ओढून नेता येते का? पटकन सांगा, कुकर लावलाय

केबल
इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं उचलूनच. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत तेल फिरत नाही. शिट्ट्या मोजा आता

सावकाश
आणि कुणीही तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. आधी भरायचा, मग काढायचा. क्रम उलटा केला आणि वरचा गंजलेला निघाला तर रिकामी पेटी घेऊन बसायचं.

एएमटीवाला
मी अजून शांतच बसलोय, उठू का?