मदत हवी आहे: टीव्हीसोबत चार वस्तू 'कंपल्सरी' म्हणतायत, संध्याकाळपर्यंत कळवायचंय

गच्चीवर
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. टीव्ही बघून आलो. दुकानातला माणूस म्हणतो २४० हर्ट्झ आहे, एचडीआर आहे, यापेक्षा चांगला या रेंजमध्ये नाही. पण सोबत एचडीएमआय वायर, स्टॅबिलायझर, वाढीव वॉरंटी आणि 'पॅनल कॅलिब्रेशन' घ्यावंच लागेल, नाहीतर कंपनीची वॉरंटी ॲक्टिव्हेट होत नाही म्हणे. ऑफर आज रात्री संपते. घ्यावं का? २४० म्हणजे चांगलंच ना? 'गूगल करा' असं कृपया सांगू नका, केलंय.

पिक्सेलबुवा
मॉडेल नंबर? पूर्ण हवा, शेवटच्या अक्षरापर्यंत. टीव्हीला काय काय जोडणार? पैसे दिलेत का?

वायरमन
भाऊ, बाकी काही घ्या न घ्या, स्टॅबिलायझर घ्या. नंतर रडण्यापेक्षा बरं.

गच्चीवर
'लिहितेय' लिहिलंय मी. ताई म्हणा.
मॉडेल नंबर कोटेशनवर नाही. '५५ इंच ४के क्यूएलईडी' एवढंच आहे. जोडायचा सेट टॉप बॉक्स, आणि मुलाचं ते गेमचं. पण माझा प्रश्न २४० चा आहे.

पिक्सेलबुवा
२४० चं उत्तर मॉडेल नंबरमध्येच आहे, म्हणून विचारलं. '५५ इंच ४के क्यूएलईडी' हे वर्णन झालं, वस्तू नव्हे. त्या वर्णनात बसणारे डझनभर टीव्ही एकाच कंपनीचे निघतील.

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. घरगुती टीव्हीचा पॅनल साधारणपणे ६० नाहीतर १२० हर्ट्झचा असतो, हल्ली काही १४४ चे येतात. आकड्याच्या मागेपुढे 'मोशन', 'क्लॅरिटी' किंवा 'रेट' असा शब्द चिकटवलेला असेल तर तो पॅनलचा वेग नाही. मूळ चित्रांच्या मध्ये टीव्हीने स्वतः बनवून घातलेली चित्रं आणि बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची, उघडझाप, असं सगळं धरून तो आकडा फुगवलेला असतो. तुमचे २४० बहुतेक १२० चे दुप्पट किंवा ६० चे चौपट असणार. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या तांत्रिक माहितीत 'नेटिव्ह' किंवा 'पॅनल रिफ्रेश रेट' अशी ओळ शोधा. ओळच नसेल तर ६० धरून चाला. १२० असता तर मोठ्या अक्षरांत छापला असता.

यात अजून एक गोम आहे. काही ६० हर्ट्झचे ४के पॅनल १०८० वर (म्हणजे फुल एचडीवर) १२० चा सिग्नल घेतात, कारण तेव्हा उभं रिझोल्यूशन अर्धं केलेलं असतं. दुकानदार गेमचा डबा जोडून '१२०' दाखवेल आणि ते खोटंही नसेल. त्यामुळे विचारताना '४के ला १२० का?' असंच विचारा.

मधली_सुट्टी
गेम खेळायचा असेल तर कोणत्या पोर्टला किती तेही बघा. पुष्कळ टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट ४के १२० चे असतात, आणि त्यातलाच एक ईआर्कचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा. म्हणजे साउंडबार लावला की गेमला एकच उरतो. शिवाय पोर्ट मुळात 'स्टँडर्ड'वर असतो, सेटिंगमध्ये जाऊन 'एन्हान्स्ड' करावा लागतो. ते केलं नाही की लोक वायरीला दोष देतात आणि महागडी वायर घेऊन येतात.

ओहमचा_नियम
वायरीचं बोललात म्हणून. सिग्नल डिजिटल आहे. सोन्याचा मुलामा दिला म्हणून रंग खुलत नाहीत आणि काळा जास्त काळा होत नाही. वायर कमी पडली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मधेच जातं किंवा पडदा काळा होतो. 'थोडं फिकं दिसणं' हा प्रकार तिथे नसतोच. सेट टॉप बॉक्सला १८ गिगाबिटची वायर भरपूर झाली. ४के १२० साठी ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते, तिच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. गेमचा डबा नवा असेल तर अशी वायर खोक्यात मिळते, ती बघा आधी. तांब्याच्या वायरीला तीन मीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही. पाचच्या पुढे जायचं तर ऑप्टिकल एचडीएमआय (आत काचेचे धागे असलेली) घ्या. तिला दिशा असते, उलटी लावली तर चालत नाही.

स्टॅबिलायझर मात्र नको. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर 'इनपुट १००-२४०' छापलं असेल तर आतला पॉवर सप्लाय तेवढी चढउतार स्वतःच सांभाळतो.

वायरमन
न्यूट्रल तुटला की काय होतं माहीत आहे का? घरात दोन फेजमधला व्होल्टेज येऊ शकतो. तेव्हा तुमचा १००-२४० धूर सोडतो. 'हाय कट' असलेला स्टॅबिलायझर त्या वेळी लाइन तोडतो.

ओहमचा_नियम
तोडतो, कबूल. पण ते काम मुख्य पेटीत बसणाऱ्या ओव्हर-अंडर व्होल्टेज रिलेचं. तो फ्रिजपासून चार्जरपर्यंत सगळं वाचवतो. एकट्या टीव्हीला डबा लावून घर उघडं ठेवण्यात काय अर्थ? आणि वीज कडाडल्यावर येणारा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. स्टॅबिलायझरचा रिले हलेपर्यंत तो येऊन गेलेला असतो. त्याला सर्ज प्रोटेक्टर लागतो, ज्यूल रेटिंग (किती झटका शोषतो तो आकडा) लिहिलेला, आणि अर्थिंग नीट हवं. नुसत्या 'स्पाइक गार्ड' अशा नावावर जाऊ नका, आत फक्त एक स्विच आणि लाल दिवाही निघतो.

वायरमन
सर्ज प्रोटेक्टरच्या आतला व्हॅरिस्टर, तो झटका शोषणारा भाग, झटके खाऊन खाऊन मरतो, तेही सांगा ना लोकांना.

ओहमचा_नियम
मरतो. म्हणून 'प्रोटेक्टेड' असा दिवा असलेला घ्यायचा आणि तो विझला की बदलायचा. अजून एक, कोणी बोललं नाही म्हणून: झटका प्लगमधूनच येतो असं नाही. छतावरून उतरणाऱ्या केबलने तो सेट टॉप बॉक्समध्ये शिरतो आणि तिथून एचडीएमआय पोर्ट जाळतो. गडगडाट सुरू झाला की ती केबलही काढा.

तिरकस
मी म्हणतो टीव्ही हवाच कशाला? प्रोजेक्टर घ्या. शंभर इंच पडदा, भिंत मोकळी. फक्त खोक्यावरचे 'ल्युमेन्स' बघू नका, 'अँसी ल्युमेन्स' बघा. साधे ल्युमेन्स म्हणजे स्पीकरवरच्या पीएमपीओ वॅटसारखे, वाटेल ते छापतात.

गच्चीवर
प्रोजेक्टर नकोय. आणि स्टॅबिलायझरचं तुम्ही दोघं ठरवून एकच सांगा. वाढीव वॉरंटीचं काय? ती तरी घ्यावी ना?

रिमोट_हरवला
जरूर घ्या. पॅनल गेला तर टीव्हीच गेला. नव्या पॅनलच्या खर्चात थोडी भर घातली की नवा टीव्ही येतो.

ओहमचा_नियम
पॅनल खरंच गेलाय का ते आधी बघावं. आवाज येतो, चित्र नाही, ही तक्रार घ्या. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, बहुधा मागची एलईडी पट्टी गेलीय. ती बदलता येते. दिसलंच नाही तर पॅनल आणि टी-कॉन बोर्ड (पॅनलला सिग्नल पुरवणारा) यांच्यापर्यंत जावं लागतं. पट्ट्या लवकर जातात त्याचं एक मोठं कारण म्हणजे टीव्ही जन्मभर 'व्हिव्हिड'वर (भडक चित्राच्या मोडवर) आणि बॅकलाइट शंभरवर. साठवर आणला तर पट्टी कमी तापते.

वाढीव वॉरंटी सरसकट फसवणूक आहे असं म्हणत नाही. पण कागद हातात घेऊन चार गोष्टी बघा. देणार कोण, कंपनी की तिसराच कोणी? सुरू कधी होते, मूळ वॉरंटी संपल्यावर की खरेदीच्या दिवसापासून (तसं असेल तर पहिलं वर्ष फुकट गेलं)? वगळलंय काय, म्हणजे बर्न-इन (पडद्यावर कायमचा उमटलेला ठसा), दाबाने आलेली रेघ, व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान? आणि दुरुस्ती जमली नाही तर पैसे कसे, घसारा कापून की पूर्ण? 'नंतर मेल येईल मॅडम' म्हणाला तर नंतरच पैसे देऊ म्हणा.

रिमोट_हरवला
घसाऱ्याचं कलम असतं, हे बरोबर. तरी ओएलईडी असेल तर मी घ्याच म्हणेन.

पिक्सेलबुवा
क्यूएलईडी लिहिलंय त्यांनी. तो एलसीडीच, बॅकलाइटवाला, मध्ये क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. नावात एका अक्षराचा फरक, वस्तू वेगळी. सेल्समन जीभ जरा सैल सोडून दोन्ही एकसारखंच म्हणतात.

आता कॅलिब्रेशन. खरं कॅलिब्रेशन करायला माणूस कलरिमीटर आणि टेस्ट पॅटर्न घेऊन येतो, करड्या रंगाच्या पायऱ्या एकेक मोजतो, पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास आणतो आणि आधीचा-नंतरचा रिपोर्ट देतो. तासाभराच्या आत उरकत नाही. यंत्र न आणता दहा मिनिटांत होत असेल तर तो फक्त रिमोट दाबतोय. तेवढं तुम्हीच करा: पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर', रंगाचा टोन 'वॉर्म', आणि पहिल्यांदा सुरू करताना विचारलं तर 'दुकान' नाही, 'घर' निवडा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो.

एचडीआरही असंच, म्हणजे उजेड जास्त उजळ आणि काळोख जास्त गडद दाखवायचा सिग्नल. 'एचडीआर आहे' याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो, एवढाच. ३०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पडद्यावर त्याचं काही दिसत नाही. ६०० च्या वर आणि बॅकलाइटचे स्वतंत्र कमीजास्त होणारे झोन असतील तर बोलायचं. दुकानातली डेमो फीत फुलं, पोपट आणि फळांचीच का असते? तिच्यात काळोख नसतो. पेनड्राइव्हवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असलेलं चित्र न्या आणि अक्षरांभोवती धुकं दिसतं का बघा. मग ४५ अंशांवर बाजूला उभे राहा. एलसीडी पॅनलचे व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार. रंग उडाले तर पॅनल व्हीए असण्याची शक्यता जास्त, समोर बसणाऱ्याला उत्तम. बाजूनेही टिकले आणि काळा राखाडी दिसला तर बहुधा आयपीएस.

आणि वॉरंटी ॲक्टिव्हेट होत नाही ही थाप. मूळ वॉरंटी कंपनी देते, बिल आणि सीरियल नंबरवर. त्याला म्हणा, 'या चार वस्तू न घेतल्यास वॉरंटी मिळणार नाही' एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. मॉडेल नंबरही त्याच मेसेजमध्ये मागा.

गच्चीवर
मागितलं. चार वस्तूंबद्दल आता 'रिकमंडेड आहे मॅडम' असं आलंय. कंपल्सरी शब्द गायब. मॉडेल नंबर दिला. दुकानात टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो मी काढला होता, त्याच्याशी ताडून पाहिला. शेवटची दोन अक्षरं वेगळी आहेत. म्हणतो, तोच टीव्ही, नवी बॅच.

पिक्सेलबुवा
फोटो आहे हे आत्ता सांगताय! असू द्या, चांगलं काम केलंत. शेवटची अक्षरं कधी देशाची असतात, कधी वर्षाची, आणि कधी हलक्या आवृत्तीची. दोन्ही नंबरांची माहिती कंपनीच्या साइटवर उघडा आणि समोरासमोर ठेवा: एचडीएमआय पोर्ट किती, स्टँड सोडून वजन किती, वॅट किती, मागच्या (भिंतीवर टांगायच्या) भोकांचं माप किती. चारही जुळलं तर बॅच असेल.

गच्चीवर
पोर्ट चाराऐवजी तीन. वॅट १७० ऐवजी १२०. वजन जवळजवळ तीन किलो कमी. भोकांचं माप सारखं.

मधली_सुट्टी
ही बॅच नव्हे. एवढे वॅट आणि वजन उतरलं म्हणजे बॅकलाइटच वेगळा असावा, हलका. दाखवला एक आणि देतायत दुसरा.

पिक्सेलबुवा
सहमत. रिफ्रेश रेटची ओळ दोन्हीत बघा.

गच्चीवर
पहिल्यात १२०. दुसऱ्यात ओळच नाही. थोडे पैसे बुकिंगला दिलेत, पावतीवर 'परत मिळणार नाहीत' छापलंय.

तिरकस
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं ताई.

ओहमचा_नियम
छापलेलं वाक्य तुम्ही मन बदललंत तर लागू. इथे वस्तू त्यांनी बदललीय. फोन करू नका, लिहा: 'अमुक तारखेला अमुक मॉडेल दाखवलंत, स्टिकरचा फोटो जोडलाय. देत आहात ते अमुक. दाखवलेलं मॉडेल द्या नाहीतर बुकिंगचे पैसे परत करा.' उत्तराला तारीख घाला. 'ॲडजस्ट करून देतो, साउंडबार घ्या' म्हणतील, त्याला भुलू नका. कार्डाने दिले असतील तर बँकेकडेही तक्रार करता येते, तोवर पावती आणि मेसेज जपा.

वायरमन
दाखवलेलाच पीस देतो म्हणाले तर घेऊ नका. डिस्प्लेवरचा पीस रोज दिवसभर व्हिव्हिडवर जळलेला असतो. सीलबंद खोका मागा आणि खोका, टीव्ही, बिल तिन्हीकडचा सीरियल नंबर जुळल्याशिवाय सही करू नका. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा अशी पाच कोरी चित्रं पेनड्राइव्हवर ठेवा आणि डिलिव्हरीवाला उभा असतानाच लावा. रेघ, मेलेला ठिपका, कोपऱ्यातून झिरपणारा उजेड, सगळं तिथेच दिसतं. (स्टॅबिलायझरचं माझं मत तेच आहे.)

गच्चीवर
मेसेज पाठवला. उद्या या म्हणतायत, पैसे देतो. ऑफर आता रविवारपर्यंत वाढली म्हणे. बरं, मग ५५ च घ्यावा की ६५?

पिक्सेलबुवा
सोफा पडद्यापासून किती लांब आहे?

गच्चीवर
नेहमी असतो तेवढाच.

पिक्सेलबुवा
मीटरमध्ये सांगा.